कड काढणारे काका

ऑफिसच्या दाराच्या आत ते सर होते आणि दाराच्या बाहेर काका. हा नियम त्यांनीच घातला, मी नोकरीला लागले त्याच दिवशी. "आत मी तुझा वरिष्ठ आहे, बाहेर तुझ्या वडिलांच्या वयाचा. दोन्हींत घोळ नको." मला वाटलं, म्हातारा गंमत करतोय. थोड्याच दिवसांनी ते नेमके दाराच्या चौकटीत उभे होते आणि त्यांच्यासाठी फोन आला होता. मी "सर" म्हटलं. ढिम्म. मग "काका" म्हटलं. तरी ढिम्म. शेवटी त्यांनी एक पाऊल आत टाकलं आणि म्हणाले, "हं, बोल आता. कुणाचा फोन?"

मी मिरजेची. भूगोल घेऊन बी.ए. झाले, लग्न झालं आणि नवऱ्याच्या मागोमाग अमेरिकेत, बेलव्ह्यूला आले. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. नवरा शेजारच्या रेडमंडच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत होता. सकाळी अंधारात, पावसात गाडी काढून जायचा आणि संध्याकाळी अंधारात, पावसातच परत यायचा. मधला सगळा वेळ मी शेजाऱ्यांच्या कुत्र्याशी मराठीत बोलायचे. ते बिचारं ऐकून घ्यायचं. तिथल्या मराठी मंडळाच्या हळदीकुंकवाला काकूंनी, म्हणजे सरांच्या बायकोने, माझा अवतार पाहिला आणि विचारलं, "तुला नकाशा गिरवता येतो का गं?" म्हटलं, बी.ए.ला दुसरं केलं काय! पुढच्या सोमवारी मी यांच्या टेबलाला टेबल लावून बसले होते. हातात शाईचं पेन आणि समोर बेरिंग समुद्र.

काम सांगायला सोपं होतं. अलास्काच्या पश्चिमेला हा समुद्र आहे. हिवाळ्यात तो उत्तरेकडून गोठत खाली येतो. वर पांढरं बर्फ, खाली काळं पाणी, आणि या दोन्हींची गाठ पडते ती बर्फाची कड. ही कड जागेवर राहत नाही. वाऱ्याबरोबर पुढे येते, वारा फिरला की मागे जाते. त्या समुद्रात खेकडे पकडणाऱ्या बोटी असतात, आणि कड कुठे आहे हे कळणं हा त्यांच्या जिवाचा प्रश्न असतो, कारण कडेच्या आत अडकलेल्या बोटीला बर्फ चेपून टाकतं. आमच्याकडे उपग्रहाचे फोटो यायचे. त्यांत निम्मे ढग आणि निम्मं बर्फ, दोन्ही पांढरेच. सर भिंग लावून, नाक फोटोला टेकवून पेन्सिलीने कड काढायचे. मी ती शाईने गिरवायची. मग तो नकाशा फॅक्सने बंदरांना आणि बोटींना जायचा.

ऑफिसात सगळे या कडेला 'आइस एज' म्हणायचे. सर इंग्रजी बोलतानाही 'कड'च म्हणायचे. "टुडे कड हॅज कम डाउन." पहिल्यांदा कुणालाच कळत नसे, पण ते बदलायचे नाहीत, म्हणून मग अमेरिका बदलली. बोटींचे कप्तान ऑफिसात फोन करायचे ते, "हाय डॉक, व्हेअर इज द कड?" असं विचारत. एका दाढीवाल्या नॉर्वेजियन वंशाच्या माणसाच्या तोंडून 'ड' इतका स्वच्छ निघायचा की मिरजेतल्या आमच्या मास्तरांनी त्याला शाबासकी दिली असती.

आणि या माणसाने बर्फाची कड आयुष्यात एकदाही पाहिलेली नव्हती. समुद्र त्यांना लागायचा आणि थंडी सोसायची नाही. टेबलाखाली बारा महिने हीटर, डोक्यावर माकडटोपी. ऑफिसात एसी लागला की जुलैतसुद्धा ती टोपी कानांवर यायची. हॉटेलात पाणी मागवलं की आधी हात आडवा करून वेटरला बजावायचे, "नो आइस." वेटरने कारण विचारलेलं नसायचं, तरी सांगायचे, "मी ऑफिसचं काम बाहेर आणत नाही."

त्यांनी काढलेली कड बघणाऱ्याला हसू येईल इतकी वाकडीतिकडी असायची. आखाताला आखात, बोळाला बोळ, मधेच एखादं शेपूट दूरवर पाण्यात गेलेलं. गिरवताना माझी मान मोडायची. आमचे डायरेक्टर उंच, शांत, नीटनेटके गृहस्थ होते. एकदा नकाशा हातात घेऊन ते म्हणाले, "डॉक्टर, तुमची रेघ प्यायल्यासारखी चालते." सर म्हणाले, "प्यायलेला समुद्र आहे. मी फक्त त्याच्या मागे मागे जातो, पडू नये म्हणून."

ढगांखाली कड दिसत नसली तर बाकीचे लोक तिथे टिंबं टिंबं देऊन मोकळे व्हायचे. सरांना टिंबांचा राग होता. "ढग म्हणजे सुट्टी नव्हे," असं ते म्हणायचे आणि ढगाखालीसुद्धा पूर्ण रेघ ओढायचे. मी एकदा विचारलं, कशावरून? तेव्हा त्यांनी भिंग माझ्या हातात दिलं. उत्तरेचा गार वारा बर्फावरून पाण्यावर आला की ढगांच्या लांबच लांब रांगा धरतात. प्रत्येक रांगेचं मूळ शोधायचं आणि मुळाशी मूळ जोडत जायचं, तीच कड. मी रांगा बघत बसले आणि चहा गार झाला. माणूस विक्षिप्त असला तरी वेडा नव्हता, हे मला त्या दिवशी पटलं. पुढे ते बरेचदा विसरायला झालं, ती गोष्ट वेगळी.

घरीही त्यांचं हेच. शेजाऱ्याची हिरवळ आणि यांची हिरवळ यांच्यामध्ये कुंपण नव्हतं. शनिवारी गवत कापताना ते मशीन सरळ न्यायचे नाहीत, वळणं घेत घेत न्यायचे. गवताच्या दोन जाती आहेत आणि त्या जिथे भेटतात तिथेच आपली हद्द, असं त्यांचं म्हणणं. शेजारी सज्जन होता. उरलेली वळणं तो मुकाट्याने कापून टाकायचा. पंगतीत वरण भातावरून ओघळून भाजीला लागलं की हे हातातला घास तसाच ठेवून बघत राहायचे. काकू म्हणायच्या, "जेवा हो. तिथे बोट जायची नाहीये."

पण या सगळ्यावर कडी केली ती एका दसऱ्याने.

मंडळाच्या अध्यक्षांना त्या वर्षी वाटलं, श्रीखंड खाऊन पेंगत बसणं पुरे झालं, सीमोल्लंघन झालं पाहिजे. गावाची वेस ओलांडायची, सोनं वाटायचं, घरी यायचं. आपटा नव्हता, पण कुणाच्या तरी परसात आपट्याच्या पानांचा भास होईल असं एक झाड होतं. वेशीचं काय? अध्यक्ष म्हणाले, "सोप्पंय. बेलव्ह्यू संपून रेडमंड लागतं तिथे पाटी आहे. पाटी क्रॉस करू, फोटो काढू, झालं."

काकांनी पुरी ताटात ठेवली. "पाटी म्हणजे सीमा नव्हे. जिथे खड्डा खणायला सोपा गेला तिथे पाटी लावतात."

"अहो काका, दहा-वीस फुटांनी काय फरक पडतो?"

"रावणाला विचारा," काका म्हणाले. रावणाचा इथे काय संबंध, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही.

दसऱ्याच्या संध्याकाळी ते नगरपालिकेचा नकाशा आणि होकायंत्र घेऊन हजर. पाऊस पडत होता, तो तिथे असतोच. मागे आमची वरात. पैठण्यांवर रेनकोट, फेट्यांवर प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि हातात पानांच्या परड्या. काका पुढे पावलं मोजत चाललेले. आम्ही एका बँकेच्या झुडपांतून गेलो, एका दवाखान्याच्या पार्किंगमधून गेलो. एक पोरगी आईला विचारत होती, "मॉम, आर वी लॉस्ट?" आई म्हणाली, "नाही गं, बॉर्डर शोधतोय." "कॅनडा?" पोरीने विचारलं. आईने तिला गप्प केलं, पण तिचा स्वतःचाही तितकासा विश्वास दिसत नव्हता.

शेवटी काका एका टायरच्या दुकानासमोर थांबले. नकाशा पाहिला, दुकान पाहिलं आणि सरळ दार उघडून आत शिरले. त्यांच्यामागे अख्खं मंडळ. आत टायरांच्या उंचच उंच रांगा आणि रबराचा वास. काकांनी फरशीवर बुटाने एक रेघ ओढल्यासारखं केलं. "ही सीमा. गल्ला बेलव्ह्यूत, टायर रेडमंडमध्ये."

मालक हात पुसत बाहेर आला. दांडगा माणूस, पण आमच्याकडे बघून त्याचाही आवाज खाली आला. "कॅन आय हेल्प यू?"

अध्यक्ष ओलेचिंब होते. त्यांनी शक्य तेवढ्या रुबाबात सांगितलं, "वी आर क्रॉसिंग द बॉर्डर."

"फ्रॉम व्हेअर?"

काका म्हणाले, "फ्रॉम युवर कॅश रजिस्टर."

मग एकेकाने गल्ल्यापासून टायरांपर्यंत सीमोल्लंघन केलं. टायरांच्या रांगांमध्ये पानं वाटली गेली, "सोनं घ्या, सोन्यासारखे राहा" झालं, वाकून नमस्कार झाले. मालकालाही सोनं दिलं. त्याने ते काळजीने गल्ल्याशेजारी ठेवलं आणि पुन्हा विचारलं, टायर कुणाला हवेत का. संकोचापोटी आमच्या ह्यांनी दोन घेतले. गाडी नवीकोरी होती. ते टायर पुढे अनेक वर्षं आमच्या गॅरेजात बसून होते.

अशा माणसाच्या हाताखाली मी सुखात होते, हे सांगितलं तर कुणाला खरं वाटणार नाही. पण त्या खोलीत शिरलं की मी कुणाची बायको नव्हते, नवी आलेली नव्हते. मी कड गिरवणारी होते. माझ्या हातची रेघ बघून कुठेतरी एक बोट वळत होती.

मग संगणक आला.

तो घेऊन आला एक पुण्याचा मुलगा. तिथूनच इंजिनिअरिंग करून आलेला, आता इथल्या विद्यापीठात पीएच.डी. करत होता. डायरेक्टरांनी त्याला आमच्याच खोलीत टेबल दिलं. दुसऱ्या एका उपग्रहाला ढगांच्या आरपार दिसायचं, आणि ते आकडे घेऊन याचा प्रोग्रॅम आपोआप रेघ ओढायचा. मुलगा मनाने चांगला होता आणि त्यामुळेच त्याचा राग मला येता येता राहायचा.

"सर, बघा ना, पाच मिनिटांत येते लाइन," तो म्हणाला. "क्लाउड असो, नसो. टेन्शनच नाही यार."

सरांनी भिंग स्क्रीनवर ठेवलं. "ही एवढी गुळगुळीत का?"

"रिझोल्यूशन तेवढंच आहे सर. एक एक चौकोन मोठा असतो ना."

सरांनी मला हाक मारली. "बघ, याच्या एका चौकोनात तुझं मिरज, सांगली आणि तासगाव एकत्र बसलंय. आता सांग, मिरजेत बर्फ आहे का?"

"अ‍ॅव्हरेज केलं तर थोडंसं आहे," मुलगा प्रामाणिकपणे म्हणाला.

महिनाभर या दोघांचं हेच चालू होतं. शेवटी डायरेक्टर कंटाळले. त्यांनी दोघांना समोर बसवलं आणि शांतपणे निकाल लावला. मार्चमध्ये एक संशोधन-बोट कडेपर्यंत जाणार होती. दोघांनी तिच्यावर जायचं. बोट कडेला पोचेल त्या दिवशी दोघांच्या रेघा समुद्राशी ताडून बघायच्या. जी जवळची, ती यापुढे चालेल. दुसरी बंद. सरांची रेघ बंद म्हणजे आमची खोली बंद, सर घरी आणि मीही घरी. मला त्या रात्री जेवण गेलं नाही.

सर जायला तयार होतील असं कुणालाच वाटत नव्हतं. पण ते लगेच "हो" म्हणाले आणि मग आठवडाभर घाबरून होते. काकूंनी मला फोन केला. "तूही जा बरोबर. एकटे गेले तर कड नीट दिसावी म्हणून बोटीवरून खाली उतरतील." नवरा म्हणाला, "बर्फच बघायचं तर रेनिअरच्या डोंगरावर जाऊ की वीकेंडला. मी ड्राइव्ह करतो." पण काकूंच्या शब्दापुढे तो तरी काय बोलणार?

अलास्कात डच हार्बर म्हणून बंदर आहे, तिथून बोट निघाली आणि बंदराच्या तोंडाशीच सर आडवे झाले. दोन स्वेटर, वर कोट, माकडटोपी आणि पोटाशी बादली. काकूंनी बरोबर मेतकूट, आलेपाक, लिंबाचं लोणचं, सगळं दिलं होतं. त्यातलं काहीही आत टिकत नव्हतं. कप्तान त्यांना बघायला मुद्दाम खाली आला. हा तोच 'ड' स्वच्छ म्हणणारा दाढीवाला. पूर्वी खेकड्यांच्या बोटीवर होता आणि सरांचे नकाशे बघून त्याने कित्येक हिवाळे काढले होते. तो दारात टोपी काढून उभा राहिला. "सर, इट्स ॲन ऑनर." सरांनी बादलीतलं डोकं न काढता हात वर केला.

ज्या दिवशी कड यायची होती त्या सकाळी फॅक्सवर फोटो आला. नुसते ढग. वारा दक्षिणेचा होता, त्यामुळे ढगांच्या रांगाही नव्हत्या. मुळं शोधायची तर कशाची? सरांनी बादली मांडीत घेतली, भिंग लावलं आणि मधेमधे थांबून पूर्ण कड काढली. नेहमीसारखीच, आखातं-बोळांसकट. पुण्याच्या मुलाची रेघ रेडिओवरून आकड्यांत आली. त्याने ती शेजारच्या कागदावर मांडली. सरांच्या रेघेहून बरीच उत्तरेला आणि जवळजवळ सरळ.

दुपारी मी सरांच्या केबिनमध्ये बसले होते. बोट डोलत होती, सर कण्हत होते. अचानक त्यांनी डोळे उघडले.

"आली."

"काय आली?"

"कड. मळमळ थांबली."

मी भिंतीवरच्या फोनवरून वर विचारलं. कप्तान ओरडलाच. बोटीचं नाक आत्ताच बर्फात शिरलं होतं. बर्फ समुद्राच्या लाटा दाबून टाकतं आणि बोट डोलायची थांबते. हे नाविकांना पावलांवरून कळतं, आमच्या सरांना पोटावरून कळलं. एवढं ऐकून सर उठले. मी त्यांना धरून डेकवर आणलं.

आणि समोर कड होती. मी इतकी वर्षं गिरवलेल्या रेघांपैकी एकीसारखीही नव्हती. दक्षिणेच्या वाऱ्याने सगळं बर्फ रेटून रेटून एका रांगेत उभं केलं होतं. डावीकडे नजर जाईल तिथवर, उजवीकडे नजर जाईल तिथवर, एका बाजूला पांढरं आणि एका बाजूला काळं. विळीने कापल्यासारखी सरळ. मला इतकं सुंदर काहीतरी अंगावर आल्यासारखं झालं की मी रडतेय हेही कळलं नाही.

सर बराच वेळ बघत राहिले. मग कप्तानाला म्हणाले, "खोटी वाटते."

"सॉरी?"

"इतकी सरळ कड नसते. काहीतरी चुकलंय. एक चक्कर मारून पुन्हा इकडे येऊ या का?"

कप्तानाने खरोखर चक्कर मारली. कड होती तिथेच आणि तशीच होती. जागा मोजल्या. पुण्याच्या मुलाची रेघ आणि समुद्र यांच्यात फरक काढायला सरांचंच भिंग लागलं असतं. आमची रेघ दक्षिणेला, पार उघड्या पाण्यात वळणं घेत बसली होती. मुलगा कागदाकडे बघत होता, सरांकडे बघत नव्हता.

कप्तानाने दाढी खाजवली. "डॉक, रात्री वारा फिरणार आहे. उत्तरेचा येईल. उद्या सकाळी ही कड तुमच्या नकाशासारखी होईल. माझं इंजिन आज दुपारी बिघडू शकतं. आपण इथे उद्या पोचलो, असं होऊ शकतं."

सरांनी हो म्हणावं असं मला इतकं वाटत होतं की दात दुखायला लागले. पुण्याचा मुलगा हळूच म्हणाला, "सर, मला चालेल. आय मीन, मी काहीच बोलणार नाही. प्रॉमिस, सर."

सरांनी टोपी कानांवरून वर केली. "कड आज इथे आहे. मी म्हणालो उद्या आहे, तर आज इकडे येणारी बोट काय करेल?"

"आज कुठलीच बोट इकडे येत नाहीये, सर," मुलगा म्हणाला.

"हे तू तासगावात बसून सांगतोस की मिरजेत?" असं म्हणून सरांनी पेन्सिल घेतली आणि मोजलेल्या जागांवरून समुद्राची खरी रेघ नकाशावर स्वतःच्या हाताने काढली. ती काढायला त्यांना एक मिनिटही लागलं नाही. मी ती गिरवली. गिरवायला इतकी सोपी रेघ मला त्यांनी कधी दिली नव्हती आणि मला कधी इतका त्रास झाला नव्हता.

रात्री वारा फिरला. सकाळी सगळे डेकवर आले तर सरळ रेघ गायब. बर्फाचे पट्टे सुटून पाण्यात शिरले होते. आखातं झाली होती, बोळ झाले होते, दूर कुठेतरी एक शेपूट काळ्या पाण्यात वळत गेलं होतं. कप्तान कठड्याला टेकून नुसता हसत होता. मुलगा म्हणाला, "सर, ही तर तुमचीच यार…" आणि जीभ चावून गप्प झाला. बोट पुन्हा डोलायला लागली होती. सर कठड्यावरून वाकले, त्यांना उलटी झाली, त्यांनी तोंड पुसलं आणि म्हणाले, "वा!" पुन्हा वाकले, पुन्हा म्हणाले, "वा!" दुपारपर्यंत हेच चाललं होतं. आयुष्यात इतका आनंदात उलट्या करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

आमची खोली एप्रिलमध्ये बंद झाली. पुण्याच्या मुलाने शेवटच्या दिवशी वाकून नमस्कार केला. सर दाराच्या बाहेर पडले आणि मी सवयीने "काका" म्हटलं. त्यानंतर ते कायमचे काकाच झाले. मला एका नकाशे छापणाऱ्या कंपनीत रस्ते गिरवायचं काम मिळालं. रस्ते जागचे हलत नाहीत. मला फार कंटाळा यायचा.

पुढच्या हिवाळ्यात बोटींचे फोन काकांच्या घरी यायला लागले. घरचा नंबर कप्तानाने सगळीकडे पसरवला होता. समुद्रावरून रेडिओने लावलेला फोन म्हणजे एका वेळी एकालाच बोलता येतं, आणि आपलं बोलणं संपलं की 'ओव्हर' म्हणायचं. हे काकूंनी झटक्यात उचललं. "हॅलो, ही इज टेकिंग बाथ, ओव्हर." "वन मिनिट, माय कुकर इज व्हिसलिंग, ओव्हर." पुढे पुढे त्या मंडळात बायकांशी बोलतानाही वाक्याच्या शेवटी 'ओव्हर' म्हणायला लागल्या. अंड्यालाही हात न लावणारी ही बाई, तिच्या स्वयंपाकघरात अर्ध्या अलास्काचे खेकडेवाले फोनवरून यायचे. काका त्यांना वारा विचारायचे, पाण्याचा रंग विचारायचे आणि छातीठोकपणे कड सांगून टाकायचे. फोटो नाही, भिंगाला काही काम नाही, तरी सांगायचे. मला ते ऐकून भीती वाटायची. मी एकदा तसं म्हटलंही. ते म्हणाले, "विचारतायत ना? मग सांगायला नको?"

एका रविवारी आम्ही दोघं त्यांच्याकडे जेवायला गेलो होतो. जानेवारी असेल. पानं वाढून झाली आणि फोन वाजला. काकूंनी घेतला आणि हाताने झाकून म्हणाल्या, "अहो, खेकडेवाले."

काका उठून गेले. आवाज मोठा होता, आम्हाला सगळं ऐकू येत होतं. माणूस तरुण वाटत होता आणि घाबरलेला होता. दाट धुकं आहे, म्हणाला. संगणकाने काढलेला सरकारी नकाशा समोर आहे, त्यात कड अजून बरीच दूर दिसते, पण पाण्यावर बर्फाआधी येते तशी साय धरलीय. बोटीवर पाच माणसं आहेत. पुढे जाऊ का? डॉक, व्हेअर इज द कड? ओव्हर.

काकांनी वारा विचारला. दक्षिणेचा, तो म्हणाला. बोटीवर काकांची रेघ चुकली होती तो हाच वारा. त्यांनी डोळे मिटले, उघडले. भिंतीवर काकूंचं कॅलेंडर होतं, त्याच्याकडे बघत राहिले. काकू मला खुणेने विचारत होत्या, काय झालं? तिकडून पुन्हा आवाज आला, "डॉक? ओव्हर."

"आय डोन्ट नो," काका म्हणाले. "आय डोन्ट नो, बेटा. ओव्हर."

तिकडून खरखर ऐकू आली. मग तो माणूस म्हणाला, "तुम्हालाही सांगता येत नाही? मग मी इंजिन बंद करतो. धुकं निवळेपर्यंत जागचा हलत नाही. थँक यू, डॉक. ओव्हर."

फोन तुटला तरी काका रिसीव्हर कानाला लावून उभे होते. मग तो जागेवर ठेवला, पानावर येऊन बसले आणि हमसून हमसून रडायला लागले. माझा नवरा घास हातात घेऊन तसाच बसून राहिला. काकूंच्या हातातली पोळी परातीत पडली. "अहो, काय झालं? कुणी बुडालं का?"

"नाही गं," काका म्हणाले. "मला माहीत नाही म्हणालो, म्हणून थांबलाय तो."